अपाचेच्या यादीत मराठी नावं तुटत होती, ती अशी जुळवली

फोंड्यातल्या आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज अपाचे (वेबसाइट चालवणारा प्रोग्राम) सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत. लिंक दिली की फायलींची यादी दिसते, वेगळी वेबसाइट लागत नाही. पण ‘दिंडीतले-अभंग’ची फाइल ‘दिंडीत’, पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह आणि ‘..>’ अशी दिसायची. बुवांचा फोन आलाच, “फायल बिघडली काय रे?”

फाइल ठणठणीत होती. अपाचे नावाच्या रकान्याला मुळात २३ बाइटच देतो, आणि नाव लांब असलं की त्यातले शेवटचे ३ ‘..>’ या खुणेला जातात, उरतात २०. देवनागरीचं अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट लागतात, म्हणून सहा चिन्हांनंतर सातवं मधोमध चिरलं जातं. इंग्रजी नावांना हा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.

एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (फोल्डरपुरती सेटिंग्ज ठेवणारी) इंडेक्सऑप्शन्सच्या ओळीत, म्हणजे यादी कशी दिसावी ते सांगणाऱ्या ओळीत, फॅन्सीइंडेक्सिंग (रकान्यांची यादी), नेमविड्थ=* आणि कॅरसेट=यूटीएफ-८ घातलं. तारका दिली की रकाना सर्वांत लांब नावाएवढा रुंद होतो. लिनक्सवर कॅरसेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) आवर्जून सांगावा, नाहीतर यादी आयएसओ-८८५९-१ या देवनागरी नसलेल्या जुन्या पद्धतीतली समजली जाऊ शकते.

बदल दिसेना तर अपाचेच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये अलाउओव्हरराइडला (फोल्डरच्या फाइलला काय बदलू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) इंडेक्सेसची परवानगी आहे का बघा. हेडरनेम या सेटिंगने यादीच्या वर मंडळाचं नावही चढवलं, बुवा खूश!