बारा लिटरचं खोकं: करवत लावण्याआधी

साडेसहा इंची वूफर (खर्जाचा) आणि एक ट्वीटर (बारीक आवाजाचा) अशा जोडीचे दोन बंद स्पीकर बॉक्स घरी करायचे, तर पहिला खर्च लाकडावर नाही, ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या या सुट्या स्पीकरवर. ड्रायव्हर हातात आल्याशिवाय फळी कापायची नाही. ‘साडेसहा इंची’ हे नुसतं बाजारातलं नाव, भोकाचं माप कंपनीगणिक बदलतं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ड्रायव्हर घेताना डेटाशीट मागा आणि वूफरचे तीन आकडे उतरवून घ्या: एफएस (तो मोकळा असताना ज्या फ्रिक्वेन्सीवर आपसूक घुमतो ती, म्हणजे रेझोनन्स), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे; आकडा मोठा तर घुमणं जास्त), व्हीएएस (त्याच्या पडद्याइतकाच ताठपणा असलेल्या हवेचं माप). समजा ते 50 हर्ट्झ, 0.5 आणि 15 लिटर आहेत. 15 भागिले 12, त्यात 1 मिळवला की 2.25, वर्गमूळ 1.5. या 1.5 ने 0.5 आणि 50 ला गुणा, म्हणजे 12 लिटरच्या बंद खोक्यात क्यू 0.75 आणि रेझोनन्स 75 हर्ट्झ. क्यू 0.7 च्या आसपास हवा, 1 च्या वर गेला की बास घुमायला लागतो. डेटाशीट मिळालीच नाही तर पोर्टचा, म्हणजे खोक्याला पाइपचं भोक ठेवायचा, मोह सोडा. पाइपची लांबी अंदाजाने ठरवली की कुठलंही गाणं लावा, तोच एक सूर ढुमढुमतो. बंद खोकं निदान चूक पोटात घालतं.

आतलं माप 19 सेंटिमीटर रुंद, 21 खोल, 30 उंच. तिन्ही वेगळी मुद्दाम ठेवलीत, सारखी असली की आतले घुमे एकाच फ्रिक्वेन्सीवर गोळा होतात. 18 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) धरून दोन बॉक्सना 22.6 × 33.6 च्या चार फळ्या पुढे-मागे, 21 × 30 च्या चार बाजूंना आणि 22.6 × 21 च्या चार वर-खाली. बेरीज 0.746 चौरस मीटर. चार बाय दोन फुटांचा तुकडा भरतो 0.743. इतक्या थोडक्यात हुकतं, शिवाय प्रत्येक कापात करवत 3 मिमी खाते. तेव्हा चार बाय चारचा तुकडाच घ्या. उरलेल्यातून आतली आधाराची आडवी पट्टी निघते आणि भोक कापायचा सरावही होतो.

बोर्डाची जाडी कॅलिपरने मोजून मगच कटिंगची चिठ्ठी करा. दुकानात ‘पाऊण इंची’ म्हणून दिलेला बोर्ड 18 चा असेलच असं नाही. चिठ्ठीवर मिलिमीटरच लिहा, नाहीतर सुतार सुतात मोजणार आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फटी तुमच्या वाट्याला.

फेव्हिकॉल, 38 मिमीचे स्क्रू आणि 3 मिमीचं ड्रिल बिट जवळ हवं. आधी भोक न पाडता एमडीएफच्या कडेत स्क्रू घातला की बोर्ड उभा चिरतो. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्या पट्ट्या खोक्याभोवती ताणून बांधा आणि एक दिवस हात लावू नका. आतल्या सांध्यांवर फेव्हिकॉलमध्ये कालवलेला भुसा बोटाने दाबून भरा. कापताना मास्क हवाच, एमडीएफची धूळ वाईट. पावसाळ्याआधी कडांना प्रायमर द्या, त्याच आधी फुगतात.

भरायला मायक्रोफायबरची उशी उसवा, एका बॉक्सला 100 ते 150 ग्रॅम पुरे. साधा कापूस खाली बसून गोळा होतो. ड्रायव्हरखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी. ट्वीटर 8 ओहमचा असेल तर त्याच्या वायरीत 4.7 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे टोकं नसलेला) कपॅसिटर. तिथून खाली, सुमारे 4.2 किलोहर्ट्झखाली, त्याच्याकडे जाणारा सिग्नल उतरत जातो. दुकानदार साधा इलेक्ट्रोलिटिक पुढे करील, तो नको. वूफरची अधिक-उणेची खूण पुसट असेल तर 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: कोन (वूफरचा पडदा) बाहेर आला की सेलच्या अधिक टोकाला जोडलेली बाजू अधिक.

शेवटची वस्तू अगरबत्ती. 30 हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवा. धुराची रेघ जिथे थरथरते, तिथून हवा गळते आहे.