उत्तर सांगू नये, ओळीकडे न्यावे

साहित्यावरचा प्रश्न घेऊन विद्यार्थी आला की आधी त्याला तो प्रश्न मोठ्याने वाचायला लावावा आणि त्यातले क्रियापद शोधायला सांगावे. ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’ आणि ‘रसग्रहण करा’ या वेगवेगळ्या मागण्या आहेत. तुलनेच्या उत्तरात दोन कवितांचे दोन सुटे सारांश लिहिले जातात, ते बहुधा प्रश्नाचा विषय तेवढा वाचून लेखनाला सुरुवात केल्यामुळे.

मदत करणाऱ्याने पेन मात्र हातात घेऊ नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. आपण सुचवलेले देखणे वाक्य विद्यार्थी आनंदाने उतरवून घेतो आणि पुढच्या कवितेसमोर पुन्हा तितकाच गोंधळलेला असतो.

केशवसुतांच्या १८९३ मधील ‘तुतारी’ या कवितेविषयी ‘कवीने क्रांतीचा संदेश दिला आहे’ असे वाक्य हमखास लिहिले जाते. ते चूक नाही. पण कविता न वाचताही ते लिहिता येते, हीच त्यातली उणीव आहे. अशा वेळी ‘हे तुला कोणत्या शब्दावरून वाटले?’ एवढेच विचारावे. तो पहिल्या कडव्याकडे वळला की तुतारीच्या आवाजाला कवीने कोणता शब्द योजला आहे, हे त्यालाच शोधू द्यावे. तो शब्द आहे ‘किंकाळी’. तुतारी एरवी स्वागताला किंवा विजयाच्या प्रसंगी वाजते, तर किंकाळी भयाने किंवा वेदनेने फुटते. मग कवीने ‘नाद’ किंवा ‘ललकारी’ असे का म्हटले नाही, हा प्रश्न विचारून आपण गप्प बसावे. ही शांतता अवघड वाटते, तरीही ती मोडू नये. ‘हाक देणारा स्वतःच व्याकूळ आहे’ असे काहीतरी अडखळत का होईना विद्यार्थी म्हणाला, की त्याच्या हाती स्वतःचे विधान आले. त्याच कडव्यातील ‘स्वप्राणाने’ हा शब्द त्या विधानाला कसा बळ देतो, हे दाखवताना परिच्छेद आपोआप उभा राहतो. अवतरण दोन-चार शब्दांचेच असावे आणि त्यानंतरचे विवेचन त्याहून मोठे असावे.

निबंधाच्या बाबतीत प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा एकेका वाक्यात लिहून घ्यावा. त्या वाक्यांचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर विचार अजून पुढे सरकलेला नाही असे समजावे. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशा प्रस्तावना खोडायला लावाव्यात. खरी प्रस्तावना मधला भाग लिहून झाल्यावर सुचते.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी पाहावे, कारण जे वाक्य पुढे वगळायचे आहे त्यातील वेलांट्या सुधारण्यात वेळ वाया जातो. विद्यार्थ्याला स्वतःचा मसुदा मोठ्याने वाचू द्यावा, जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी आणि ते वाक्य त्यालाच पुन्हा लिहू द्यावे.