नऊ ते पाचचा हिशेब

मी मुलुंड पूर्वेला राहते. बँकेत तीस वर्षं कॅशियर होते, त्यामुळे संध्याकाळी हिशेब जुळला नाही की जेवण जात नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आमच्याकडे वीज महावितरणची. जिन्याखालचे जुने मीटर काढून नवे टीओडी, म्हणजे वीज किती वाजता वापरली हेही नोंदवणारे मीटर लावून गेले, तेव्हा समजलं की २०२५ च्या जुलैपासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर सूट आहे, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे. मला वाटलं, चला, लॉटरी लागली.

आधी एक गोष्ट पाहून घ्या. मुंबईत सगळ्यांची वीज एका घरची नाही. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत बेस्ट, पश्चिम उपनगरात बहुतेक अदानी, काहींकडे टाटा पॉवर, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. वीज नियामक आयोग प्रत्येकाचे दर वेगळे ठरवतो आणि ते बदलतातही. म्हणून माझे ८० पैसे तुमच्या बिलात शोधत बसू नका. आपलं चालू बिल काढा, टीओडीची ओळ आहे का आणि वेळ कोणती लिहिली आहे ते वाचा. साधं मीटर असेल तर कितीही वाजता मशीन लावा, मीटरला घड्याळच कळत नाही.

दिवसा सूट का, तर सौरऊर्जा. दुपारी ती भरपूर असते. सूर्य कलला की ती संपते, आणि नेमकी तेव्हाच लोकलमधून उतरलेली सगळी मुंबई घरी येऊन दिवे, एसी, मिक्सर एकदम चालू करते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत दिवसाच्या या सौर तासांचा दर कमी ठेवायला सांगितलं आहे, ते यासाठीच.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या महिन्यात मी सगळं दिवसा लावलं. चादरी, पडदे, पायपुसणी, जे धुवायचं नव्हतं तेही धुतलं. इस्त्रीवाल्याकडे जाणारे कपडे घरीच इस्त्री केले. का, तर वीज स्वस्त आहे! बिल आलं ३५२ युनिटचं. आधीच्या महिन्यात ३३१ होतं. सूट जास्त मिळाली पंचेचाळीस रुपये, आणि वरच्या एकवीस युनिटांचे गेले तीनशेच्या आसपास. बँकेत असा तोटा आला असता तर माझ्या पगारातून कापला असता.

चूक कुठे झाली? स्लॅबमध्ये. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिट अशा पायऱ्या आहेत. शंभराच्या पुढे युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. पायरी ओलांडल्यावर युनिटमागे जे जास्त जातं, त्यापुढे ८० पैसे म्हणजे भाजीवाल्याने वरून टाकलेली कोथिंबीर. म्हणून आधी युनिट कमी करायचे आणि मग उरलेले दिवसा सरकवायचे. मी नेमकं उलटं केलं होतं.

मग मी आठवडाभर वही घेऊन बसले. तुम्हीही हे करा, वीज कंपनीच्या ॲपमध्ये तासांचा वापर दिसत असला तरी करा, कारण हाताने लिहिलेला आकडा डोक्यात राहतो. सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला मीटरचं रीडिंग घ्यायचं. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात, तारीख, वेळ, व्होल्ट; त्यातला केडब्ल्यूएच (kWh), म्हणजे युनिट, लिहिलेला आकडा आपला. दोन्हींतला फरक म्हणजे दिवसाचे युनिट. जिन्याखाली अंधार असतो, मी टॉर्च घेऊन वाकले की वॉचमन विचारायचा, "आजी, आज परत?" आमचं निघालं असं: रोजचे अकरा युनिट, त्यातले दिवसाचे जेमतेम सव्वातीन. मुलगा, सून कामावर, नातू शाळेत. घर जागं होतं ते संध्याकाळी सहानंतर.

युनिट तोडले ते पंख्यांनी. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. हॉलचा आणि आमच्या खोलीचा मिळून दोन बदलले. मुंबईत पंखा चौदा-चौदा तास चालतो, त्यामुळे महिन्याला पस्तीस-चाळीस युनिट उतरले. बिल तीनशेच्या आत आलं आणि पाचशेच्या वर रुपये वाचले, तेही वेळेचं काही न पाळता. उन्हाळ्यात एसीने पायरी पुन्हा मोडते, ते खरं आहे. रात्रीचा एसी दिवसा ढकलता येत नाही. दुपारी खोली गार करून ठेवायची युक्ती करून पाहिली, रात्री आठपर्यंत भिंतींनी सगळं गिळून टाकलं. एसी २६ वर आणि सोबत पंखा हळू, एवढंच खरं.

आता घड्याळ. वॉशिंग मशीनला डिले स्टार्टचं बटण असतं. रात्री कपडे भरून ठेवू नका, पावसाळ्यात कुबट वास येतो. सून सकाळी निघताना कपडे, पावडर टाकते आणि नऊनंतर सुरू होईल असं लावते. पहिल्या दिवशी नळ बंद राहिला. मी देवळात गेले होते, परत आले तर मशीन केविलवाणं टूं-टूं करत होतं आणि शेजारीण दारात उभी. तेव्हा नळ बघा. आणि ४० डिग्रीचा प्रोग्रॅम रोज कशाला? वीज खातो तो आतला हीटर, ड्रम नव्हे. रोजचे कपडे थंड पाण्यात निघतात.

गीझरचं म्हणाल तर पंधरा लिटर पाणी साठ डिग्रीपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. ऑफिसला जाणाऱ्याने सातची आंघोळ नऊला करावी असं मी सांगणार नाही. पण मला कसली घाई? मी साडेनऊला आंघोळ करते, पूजा त्यानंतर. देवाने अजून तक्रार केलेली नाही. नातू खेळून साडेचारला येतो, त्याचं पाणीही पाचच्या आत. फ्रिजला हात लावू नका, तो दिवसभर चालतोच, त्याचा तिसरा हिस्सा आपोआप सवलतीच्या वेळेत बसतो. मोबाईल, टीव्ही, दिव्यांच्या मागे लागू नका, त्यात महिन्याला चहाचेही पैसे सुटत नाहीत. ई-स्कूटर असेल तर मात्र रविवारी, सुट्टीला दुपारी चार्ज करा.

सगळं करून दिवसाचे युनिट साडेचारपर्यंत गेले. सूट महिन्याला शंभर-एकशेदहा रुपये.

खरा माल सोसायटीच्या कॉमन मीटरमध्ये होता. पाच हॉर्सपॉवरचा पंप, रोज दोन तास, म्हणजे जवळजवळ नऊ युनिट. पालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं. वॉचमन साडेसहाला आणि संध्याकाळी सातला वर चढवायचा. खालच्या टाकीत पाणी पडलेलंच असतं, मग वर न्यायची घाई कशाला? मी सभेत विषय मांडला. दुसऱ्या दिवशी पंप सव्वानऊला लावायचा ठरला आणि साडेआठलाच सातव्या मजल्यावरून ओरड आली. मग तोडगा निघाला: सकाळी सहाला वीस मिनिटं, बाकी सव्वानऊला आणि दुपारी चारला. महिन्याला पावणेदोनशे रुपये वाचतात. कॉमन मीटर घरगुती दरात आहे ना आणि तेही टीओडी आहे ना, हे सेक्रेटरीकडून आधी तपासून घ्या. पंपाच्या वेळा आता वॉचमन स्वतःच्या वहीत लिहितो, आणि मी एखाद्या दिवशी रीडिंगला उतरले नाही तर इंटरकॉमवर आकडा सांगतो.