‘सर, हा लाल्याच ना?’

कृषी पदविका करून गावोगाव फिरायच्या नोकरीला लागला असाल, तर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बरंच काही तुम्हाला ठाऊक असणार. मलाही होतं. मी फसलो तो प्रश्न विचारताना.

माझा पहिला खरीप, यवतमाळकडचा. एका काकांच्या वावरात पऱ्हाटी लाल पडत होती. धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच पाहिलं, मॅग्नेशियम कमी पडून पानं लाल होतात तो लाल्या समजलो आणि वरिष्ठांना फोन लावला, ‘सर, लाल्या आलाय. मॅग्नेशियम सल्फेट सांगू ना?’ ते मीटिंगमध्ये होते. ‘सांग,’ म्हणाले. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम. काकांनी फवारलं.

आठ दिवसांनी गेलो, तर काका काही बोललेच नाहीत. एक पान तोडून उलटं केलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मागे हिरवट तुडतुडे, पानाचा रस शोषणारे, तिरके पळणारे किडे. ‘हे पाह्यलं होतं काय भाऊ तुमी?’

नव्हतं पाहिलं.

साहेबांनीच चुकीचं सांगितलं, असं मी पुढे वर्षभर म्हणत फिरलो. खरं तर त्यांच्यापुढे वावर नव्हतंच, होता तो माझा शब्द. अन् ‘लाल्या’ मी ठरवला होता, पाहिला नव्हता. लाल्या म्हटल्यावर ते दुसरं काय सांगणार? त्याऐवजी ‘पानं कडेनं पिवळी होऊन लाल पडताहेत, कडा खाली वळल्यात, मागून अजून पाहिलं नाही’ एवढं बोललो असतो, तर बोलता बोलता मीच पान उलटलं असतं. मॅग्नेशियम कमी पडलं की खालची पानं शिरांच्या मध्ये लाल होतात, शिरा हिरव्याच राहतात. परीक्षेत हे मी लिहून आलो होतो! म्हणून सांगतो, साहेबांना आधी दिसलं ते सांगा. दुखणं कोणतं, ते त्यांना ठरवू द्या.

कास्तकाराला विचारतानाही तेच. ‘फवारणी केली का?’ म्हटलं की ‘हो’ येतं. दारी आलेल्याला नाही कोण म्हणतं? ‘बाटली दाखवा बरं’ म्हणा. ‘पंपाला एक झाकण’ म्हणाले, तर ते झाकणही मागून घ्या. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं.

ग्रुपवर फोटो टाकून ‘प्लीज गाइड’ लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. त्या फोटोत पानाची मागची बाजू कधीच नसते. आणि झटकन उत्तर देणारा साहेब मिळाला म्हणून खूश होऊ नका. मला पुढे एक निवृत्त कृषी सहायक भेटले. काहीही विचारा, आधी ‘किती झाडं पाहिली?’ चीड यायची. पण वावरातून चालायला त्यांनीच शिकवलं.

घाबरू मात्र नका. पहिल्या वर्षी सगळेच बावळट प्रश्न विचारतात, आणि लोक सांभाळून घेतात. त्या काकांकडे मी अजून जातो. धुऱ्यावर थांबलो की आतूनच ओरडतात, ‘उतरा ना भाऊ, तिथून पान उलटं दिसत नाई!’