आयसीयूतल्या ‘त्या’ मीटिंगला जाण्याआधी

“उद्या अकराला घरच्या सगळ्यांना घेऊन या,” असं डॉक्टर म्हणाले, की मीटिंग कशाची हे बहुतेकांना उमगलेलं असतं: शुद्ध हरपलेल्या माणसाचे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे. सासऱ्यांच्या वेळी आम्ही सहा जण गेलो आणि सहा मतं घेऊन परत आलो. तेव्हा आदल्या रात्री घरी बसा, एक वही घ्या आणि परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर तेव्हाच घ्या. दूर असलेल्याला मागाहून कळवलं, की “सगळं करा, काही थांबवू नका” हेच ऐकू येतं.

वहीत पहिल्यांदा नेमकं निदान लिहून घ्यायचं. आपण सगळ्यालाच ‘कोमा’ म्हणतो. कोम्यात डोळे मिटलेले असतात. व्हेजिटेटिव्ह अवस्थेत ते उघडतात, झोप आणि जाग दिसते, पण जाणीव नसते. त्यापुढच्या किमान जाणिवेच्या अवस्थेत मधूनच नजर मागोमाग फिरते, सांगितल्यावर बोट हलतं. ब्रेन डेथ, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, हे या तिन्हींहून वेगळं. नुसतं बघून हा फरक सुटू शकतो. २००९ च्या एका अभ्यासात व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या सुमारे ४० टक्के रुग्णांत ठरावीक मोजपट्टीनं तपासल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणून विचारा: गुंगीची औषधं कधी थांबवली, तपासणी किती वेळा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी झाली? मेंदूला मार लागलाय की ऑक्सिजन तुटलाय, हेही विचारा, कारण मार लागलेल्यांत सुधारणेची वाट जास्त काळ बघतात. चष्मा, कानाचं यंत्र आणि हातआरसा बरोबर न्या. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर चटकन फिरते. आमच्याकडे कानाचं यंत्र नऊ दिवस घरच्या ड्रॉवरमध्येच पडून होतं. काही दिसलं तर वेळेसह मोबाइलवर टिपा. मात्र डोळ्यांत पाणी येणं, जांभई, तळहातावर ठेवलेलं बोट पकडणं हे जाणिवेशिवायही होतं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मग सगळ्यात अवघड पान. ‘आम्हाला काय वाटतं’ हे तिथे लिहायचं नाही, त्यांना स्वतःला काय हवं होतं ते लिहायचं. शेजारचे काका अंथरुणाला खिळले तेव्हा ते काय बोलले, कोणापाशी, त्यांच्याच शब्दांत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर तिथेच जवळजवळ ४२ वर्षं व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचे उपचार थांबवायची परवानगी नाकारली, ती त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयातल्या माणसांचं मत धरून. त्यांचं स्वतःचं मत विचारायची सोयच उरली नव्हती. अन्नाची नळी थांबवायची गोष्ट निघाली, की “उपाशी मारायचं का?” असं कोणी तरी विचारेलच. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न सोडलं, पण शुद्धीत, स्वतः ठरवून. इथे नळी दुसऱ्याच्या शब्दावर थांबते, म्हणून तो दाखला पुरत नाही.

कागदांचं थोडक्यात. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे केलेलं वैद्यकीय इच्छापत्र (पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं) असेल तर मूळ प्रत न्या. नसेल तर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात २०२३ मध्ये झालेल्या बदलांनुसार रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ मत देतं, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत, आणि उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय आहे.

हे सगळं टाळायला कोणी हळूच “डामावर सही करून घरी न्या” असं सुचवेल. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय असं लिहून देणं. माझ्या मते ही सही म्हणजे निर्णयाचं ओझं एकट्या घराच्या डोक्यावर टाकणं. वाटेत अँब्युलन्समध्ये अँबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत बसायचं, घरी दम लागला तर मॉर्फिन द्यायला कोणी नसतं. पैसे संपत आले असतील तर तेही मीटिंगमध्ये उघड बोला, पण निदानाच्या पानावर नको. ठाम सांगता येत नसेल तर “दहा दिवस प्रयत्न करू, मग पुन्हा बसू” अशी मुदत मागा. सुरू केलेलं थांबवता येतं.

शेवटी विचारायच्या गोष्टी लहान आहेत: व्हेंटिलेटर काढताना घुसमट होऊ नये म्हणून काय देणार, आत किती जणांना सोडणार, मोबाइलवर अभंग लावता येईल का, ओठांना गंगाजल लावू देतील का. आम्ही हे विचारायला बिचकत होतो. सिस्टरनीच कापसाचा बोळा आणून हातात दिला.