किराण्याचा खर्च कमी करताना: आधी डबे पाहावेत, मग भाव

किराण्यावरचा खर्च कमी करायचे मनावर घेतले की बहुतेकांचे लक्ष प्रथम दुकानाकडे जाते आणि कोणत्या ठिकाणी काय स्वस्त मिळते, याची चौकशी सुरू होते. ती करायला हरकत नाही; परंतु खर्चाचा बराचसा भाग घरातच ठरतो, कारण आणलेल्या वस्तूंपैकी किती पोटात गेल्या आणि किती कचऱ्यात गेल्या, यावर त्यांची खरी किंमत अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात घरे, खानावळी आणि किरकोळ दुकाने यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता, म्हणजे दरडोई वर्षाला सुमारे ७९ किलो. या मोजणीत साली, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे खरे. तरीही आकडा लहान नाही.

म्हणून पहिले काम असे की एक महिनाभर काहीही न बदलता सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि जे टाकून द्यावे लागले त्याची नोंद एका कागदावर करावी. नोंदीत वस्तू, साधारण प्रमाण आणि टाकण्याचे कारण एवढेच पुरे. महिन्याअखेर पावत्यांवरील खर्चाची तीन भागांत विभागणी करावी: धान्य, डाळी, तेल, साखर यांसारखे टिकाऊ सामान, भाजी, फळे, दूध यांसारखा नाशवंत माल, आणि उरलेले सर्व, म्हणजे बिस्किटे, थंड पेये, तयार खाद्यपदार्थ, साबण वगैरे. धान्यात घासाघीस करणाऱ्या घरातही तिसऱ्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि तो वाढत जातो.

यादी करताना आठवणीवर विसंबू नये. फडताळ आणि फ्रीज उघडून, डबे प्रत्यक्ष पाहून यादी करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे प्रमाण लिहावे. नुसते ‘तांदूळ’ असे लिहिलेली यादी दुकानात मोठ्या पिशवीसमोर उभे राहिल्यावर काहीच उपयोगाची ठरत नाही. प्रमाण ठरवण्याचा सोपा उपाय म्हणजे नवे पाकीट फोडले की डब्याच्या झाकणाला कागदाची चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि वजन लिहिणे. ५ किलो तांदूळ २५ दिवसांत संपला, तर रोजचा खप २०० ग्रॅम आणि महिन्याची गरज ६ किलो, हे आपोआप कळते. १० किलोची पिशवी मग ५० दिवस पुरणार, आणि तेवढे दिवस ती कोरड्या जागी नीट ठेवता येईल का, एवढाच प्रश्न उरतो.

दुकानात पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे किलोमागचा किंवा लिटरमागचा दर. पाकिटाच्या किमतीला निव्वळ वजनाने भागले की तो मिळतो, आणि फोनवरच्या गणकयंत्रावर हे काम चुटकीसरशी होते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे; मधल्या आकाराचे पाकीट कधीकधी किलोमागे कमी दराचे निघते. किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमऐवजी ४५० ग्रॅम माल भरला, तर दर सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला असतो, पण पाकिटाच्या रूपावरून ते लक्षात येत नाही. तेलाच्या बाबतीत तर लिटर आणि किलो यांची गल्लत सर्रास होते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे १ लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते. म्हणजे १ किलोच्या डब्यात १ लिटरच्या पिशवीपेक्षा सुमारे ९० मिलिलिटर तेल जास्त असते, आणि दोन्हींच्या किमती सरळ शेजारी ठेवून तुलना केली तर ती चुकते. डबाबंद पदार्थांत पाणी निथळल्यानंतरचे वजन पाहावे. शेंगांसह घेतलेल्या ओल्या वाटाण्यात निम्म्याहून अधिक वजन टरफलांचेच असते, त्यामुळे गोठवलेल्या सोललेल्या दाण्यांचा दर दुपटीने जास्त असला तरी ते महाग पडतीलच असे नाही.

सवलतींचेही असेच गणित मांडावे. ‘२० टक्के अधिक’ याचा अर्थ २० टक्के सूट असा होत नाही. ती सूट १७ टक्क्यांच्याही किंचित खाली भरते. दुसरी वस्तू निम्म्या किमतीत मिळत असेल तर दोन्ही मिळून २५ टक्के सूट मिळते, आणि दोनांवर एक मोफत असेल तर ३३ टक्के. पण तिसरी वस्तू खराब होऊन टाकावी लागली, तर सूट शून्य. यादीत नसलेली वस्तू सवलतीत मिळते म्हणून घेणे ही बचत नव्हे, तो नवा खर्च आहे. घरपोच सेवा मोफत मिळावी म्हणून मागणीत भर घालणेही त्यातलेच. थोडे सामान आणायचे असेल तेव्हा ढकलगाडी न घेता हातातली टोपली घ्यावी. अमेरिकेतील किराणा दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ साली ढकलगाडी आणली, ती टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते हे पाहूनच. टोपलीचे वजन आपल्या बाजूने काम करते, ते करू द्यावे. स्वस्ताईसाठी लांबवर जाण्याआधी मात्र इंधन आणि वेळ जमेस धरावा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

साठवणुकीकडे जेवढे लक्ष द्यावे तेवढे थोडेच. फ्रीजमधले तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत आणि बर्फाच्या कप्प्यातले उणे १८ अंशांच्या आसपास असावे. साधा तापमापक ठेवून ते एकदा तपासून घ्यावे. सफरचंद, केळी, टोमॅटो ही फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून त्यांना एकत्र ठेवू नये. पालेभाजी ओली असताना डब्यात भरली तर कुजते. ती निवडून, पाणी पुरते निथळवून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर चांगली टिकते. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवण्याची सवय मोडावी, कारण बटाट्यांतल्या ओलाव्याने कांद्यांना कोंब फुटतात. डाळी, रवा आणि पीठ यांना कीड लागू नये म्हणून हवाबंद पाकीट चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते. थंडीने अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दमटपणा धरतो. नवे सामान मागे आणि जुने पुढे, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा लागतो. सामान लावणारा एक आणि काढणारा दुसरा असेल तर तो हटकून मोडतो.

पाकिटावरच्या तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम’ असे लिहिले असेल तर ते मुख्यतः चव आणि दर्जाबद्दल असते, आणि तारीख उलटल्यावर बिस्किटांचा सीलबंद पुडा लगेच टाकण्याचे कारण नसते. ‘या तारखेनंतर वापरू नये’ ही सूचना मात्र सुरक्षिततेची असते आणि तिथे काटकसर करू नये.

स्वयंपाकाचा बेत आठवडाभर आधी काटेकोरपणे आखणे सगळ्यांना जमत नाही, आणि तशी गरजही नाही. रोज सकाळी फ्रीज उघडून आधी संपवायला हवे असलेले जिन्नस पाहावेत आणि त्यांवरून बेत ठरवावा. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. डबाबंद कडधान्याऐवजी कोरडे कडधान्य भिजवून शिजवले तर मोठा फरक पडतो, कारण १ किलो कोरड्या कडधान्याचे शिजल्यावर साधारण दोन ते अडीच किलो होते.

स्वस्त ब्रँडकडे वळायचे असेल तर एका वेळी एकच वस्तू बदलावी, तीही लहान पाकिटात, आणि घरच्यांना आधी न सांगता. मीठ, साखर यांत फरक क्वचितच कोणाला जाणवतो. चहा किंवा कॉफी बदलली तर पहिल्याच घोटाला तक्रार येण्याची शक्यता असते. तक्रार आली तर जुना ब्रँड निमूटपणे परत आणावा, कारण न आवडलेला स्वस्त डबा मागे पडून राहतो आणि शेवटी त्याचीही नोंद टाकून दिलेल्या वस्तूंच्या कागदावर करावी लागते.