मुंबई–न्यूयॉर्क: तिकिटावरच्या वेळा वाचताना

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण पंधरा-सोळा तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते पाठीशी असतात.

घोळ होतो तो तिकिटावर. तिथली प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची असते. समजा, जानेवारीत विमान रात्री २ ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७.३० ला पोचतं. म्हणजे साडेपाच तास? नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. ७.३० मध्ये साडेदहा मिळवा, आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. म्हणजे प्रवास पूर्ण सोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हाच फरक साडेनऊ तास धरा.

आईबाबा मुलांकडे एकटे निघाले असतील तर हा हिशेब कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवाच. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या प्रवासात किती वाजता घ्यायच्या हे डॉक्टरांना आधी विचारा आणि त्या वेळा भारतीय घड्याळानेच त्या कागदावर लिहा. बाबांचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका.

आणि हो, १५ तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे घरातून १४ च्या संध्याकाळीच निघायचं. इथे भलेभले चुकतात.